पत्ता कुणाला सांगायचा?

"कुणाला सांगू नकोस हं!" या वाक्याइतक्या वेगाने पसरणारी दुसरी गोष्ट आपल्या कॉलेजात नसेल. सबमिशनची तारीख पुढे गेल्याची बातमीसुद्धा त्याच्या मागे पडते. २०२४च्या जुलैत हे वाक्य मी स्वतः म्हटलं आणि त्याला चिकटवून डोंगरावरच्या एका जागेचं लोकेशन पाठवून दिलं. त्याचं जे झालं ते पुढे सांगतेच. पण हा लेख नुसता माफीनामा नाही. त्या चुकीनंतर आम्ही सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली, आणि ती दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

आधी पक्षी कोण ते सांगते. इंग्रजीत त्याला ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्ड म्हणतात, जुन्या पुस्तकांत ब्रॉड-टेल्ड ग्रास वॉर्बलर. चिमणीपेक्षा जरा मोठा, तपकिरी, अंगावर कौतुक करावं असं काहीच नाही. आहे ती फक्त शेपटी, चांगली रुंद आणि गडद. म्हणून आमच्या टोळक्यात त्याचं नाव पडलं 'रुंदशेपट्या'. (मराठीच्या मॅडम हे नाव पास करतील की नाही देव जाणे!) हा पक्षी आपल्या पश्चिम घाटाचा. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. एरवी आठ महिने तो गवतात असा काही दडी मारून बसतो की शोधून सापडत नाही. पावसाळा लागला की मात्र साहेबांना कंठ फुटतो. नर गवतातून वर उडतो, हवेतच गातो, आणि शेपटी पसरून पुन्हा गवतात उतरतो. घरटंही तिथेच, जमिनीपासून थोडंसं वर, गवताच्याच पात्यांचा विणलेला गोळा. दोन हातांवरून माणूस गेला तरी दिसत नाही.

आम्ही चौघं दर रविवारी दुर्बीण घेऊन हिंडतो. "पक्षी बघायला जाते" म्हटल्यावर वर्गातली मुलं कशी हसतात ते असो. त्या जुलैत एका डोंगराच्या सपाटीवर, धो धो पावसात, आम्हाला हा गाताना दिसला. डोंगराचं नाव लिहिणार नाही, उगाच आठवून बघू नका. पुढच्या रविवारी तो चोचीत अळी घेऊन गवतात शिरताना दिसला. ज्यांना या गोष्टींचा नाद आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पक्षी अळी तोंडात धरून, स्वतः न खाता कुठेतरी जातोय, म्हणजे कुणीतरी तोंड उघडून वाट बघतंय. घरटं! आणि त्यात पिल्लं!

आनंद पोटात मावेना. खरं सांगायचं तर आनंदाबरोबर थोडी शेखीपण होतीच. रात्री होस्टेलवर आल्यावर मी एका सिनियरला फोटो पाठवला. त्याने विचारलं, "कुठे?" आणि मी... सांगितलंच आधी.

पुढच्या रविवारी आम्ही वर पोचलो तेव्हा सपाटीच्या खाली पाच गाड्या आणि सात-आठ बाइक उभ्या होत्या. वर माणसं रांगेत छत्र्या आणि ट्रायपॉड लावून बसलेली. कुणी वाईट माणसं नव्हती हो ती. दोघांनी आम्हाला चहा दिला. पण एकाच्या मोबाइलवर त्याच पक्ष्याचं गाणं मोठ्याने वाजत होतं, म्हणजे नर चिडून बाहेर यावा म्हणून. बिचारा दर वेळी यायचा. त्याला वाटायचं, आपल्या हद्दीत कुणी दुसरा नर घुसलाय. अळ्या आणायच्या सोडून तो नसलेल्या शत्रूला हाकलत बसला होता. आणि घरट्याच्या समोरचं गवत कुणीतरी बाजूला ओढून सुतळीने बांधून ठेवलं होतं, फोटोत आडवी काडी येऊ नये म्हणून.

सुतळी आम्ही सोडली. पण तोवर घरट्यापर्यंत पायवाट पडली होती, आणि खरा घात त्या पायवाटेनेच होतो. गवतात लपणाऱ्या घरट्याचं सगळं संरक्षण म्हणजे ते दिसत नाही एवढंच. एकदा माणसांच्या पायांनी वाट पडली की मुंगूस, भारद्वाज, साप, सगळ्यांनाच पत्ता मिळतो. शिवाय आई-बाप घाबरून लांब राहिले की पिल्लं पावसात गारठतात ते वेगळंच. त्याच्या पुढच्या रविवारी घरटं रिकामं होतं आणि एका बाजूने फाटलेलं होतं. पिल्लं उडून जावीत इतके दिवस झाले नव्हते.

तिथे वर एक मावशी हिरवा चारा कापायला येतात. भारा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, घावलं का तुमचं पाखरू?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमी इळा चालवताना घरटं दिसलं तर तेवढा झुबका सोडून कापतो. तुमी तर काय कापायला पन आला नव्हता." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता यावर आपल्या टोळक्यातल्या एका मित्राचा निकाल ठाम होता. "बघितलंस? म्हणून सांगतो, दुर्मिळ पक्षी दिसला तर घरच्यांनासुद्धा सांगायचं नाही." मला तेव्हा ते शंभर टक्के पटलं. आम्ही शपथाच घेतल्या. वहीतसुद्धा जागेचं नाव लिहायचं नाही, नुसता 'म' लिहायचा.

आणि मग आलं २०२५चं जून. आपल्याच कॉलेजातल्या मुलामुलींचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. 'ओसाड माळ हिरवा करूया' असा बॅनर होता. मी नाव दिलं, कारण माझंही झाडांवर प्रेम आहे आणि दुपारचं जेवण फुकट होतं. बस डोंगराच्या पायथ्याशी थांबली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तोच डोंगर, तोच 'म'. सपाटीवर चुन्याच्या खुणा आधीच मारलेल्या होत्या, ओळीने. ग्लिरिसिडिया आणि करंजाची रोपं टेम्पोतून आली होती. मी कुदळ घेऊन उभी राहिले. आयोजक मुलांना मी काय सांगणार होते? की थांबा, हा माळ ओसाड नाही, इथे एक पक्षी घरटं करतो? ते म्हणाले असते, कुठला पक्षी, कुठे लिहिलंय? आणि आम्ही तर कुठेच लिहिलं नव्हतं! वर्षभर गुपित राखून आम्ही त्या पक्ष्याला सगळ्यांपासून वाचवलं होतं, म्हणजे ज्यांनी त्या जमिनीचा निर्णय घेतला त्यांच्यापासूनही. शेवटी मी माझ्या वाटणीचे चार खड्डे खणले. हे लिहायला मला आवडत नाही.

गवताळ माळाची आपल्याकडे ही जुनी रड आहे. जंगल म्हटलं की आपल्याला झाडं दिसतात आणि झाड नसलं की 'पडीक'. सरकारी नकाशांतसुद्धा कितीतरी गवताळ जागा पडीक जमिनीच्या खात्यात टाकलेल्या आहेत. एकदा पडीक म्हटलं की तिथे झाडं लावणं पुण्याचं, खाण काढणं फायद्याचं आणि बंगले बांधणं विकासाचं काम ठरतं. अशा जागेत कोण राहतं याची लेखी नोंद हाच तिच्या बाजूचा एकमेव साक्षीदार असतो. साक्षीदारालाच आपण गप्प बसवलं तर खटला कसा जिंकणार?

हा पेच काही आमच्याच डोंगरावर पहिल्यांदा पडलेला नाही. मी जरा वाचून काढलं (परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, अर्थातच). स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रे नावाचा मासेखाऊ शिकारी पक्षी घरटी करायचा जवळजवळ बंद झाला होता. १९५०च्या दशकात एक जोडी लॉक गार्टन नावाच्या तळ्याजवळ परत आली. पक्षी-संस्थेच्या लोकांनी जागा गुप्त ठेवून पहारा दिला. तरी १९५८ साली अंडी जमवणाऱ्या एकाने रात्री झाडावर चढून घरटं लुटलंच. मग तिथले जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटाच निर्णय घेतला. १९५९मध्ये त्यांनी जागा जाहीर करून टाकली! मात्र घरट्यापासून लांब एक आडोसा बांधला, तिथे मोठ्या दुर्बिणी लावल्या, आणि लोकांना म्हटलं, या आणि इथूनच बघा. त्या एका मोसमात १४,००० माणसं आली. इतक्या डोळ्यांसमोर चोराची काय टाप? त्या वर्षी पिल्लं सुखरूप उडाली.

माझा मित्र म्हणतो, मग झालं तर, आपण पण जाहीर करू. तसं नाही ना! ऑस्प्रेचं घरटं उंच झाडाच्या शेंड्यावर असतं, भलंमोठं, लांबून दिसणारं. आमच्या रुंदशेपट्याचं घरटं बघायचं तर गवतात पाय घालावाच लागतो. शिवाय तिथे पहारेकरी होते, आडोसा होता. आमच्याकडे सुतळी होती.

त्यापेक्षा मला अमेरिकेतल्या कर्टलंड्स वॉर्बलरची गोष्ट जास्त जवळची वाटते. हाही छोटासाच पक्षी, पोट पिवळं. मुख्यतः मिशिगन राज्यात, जॅक पाइन नावाच्या झाडांच्या जंगलात घरटं करतो, आणि तेही जमिनीवर. त्याचे नखरे बघा. त्याला झाडं लागतात, पण लहान, साधारण पाच ते वीस वर्षांची. झाडं मोठी झाली, खालच्या फांद्या गेल्या, की हा तिथे घरटं करत नाही. पूर्वी वणवे लागायचे, उष्णतेने जॅक पाइनची बोंडं उघडायची, नवी रोपं उगवायची आणि पक्ष्याची सोय व्हायची. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि पक्षी कमी होत गेला. त्यात काउबर्ड नावाचा पक्षी आपल्या कोकिळेसारखा याच्या घरट्यात अंडी घालायचा. १९७४ साली मोजणी केली तर गाणारे नर भरले फक्त १६७. १९८७मध्ये पुन्हा १६७.

मग तिथे काय केलं? जंगलाचे पट्टे पाळीपाळीने तोडून नवी रोपं लावली, काउबर्ड पकडले, आणि घरट्यांच्या मोसमात त्या पट्ट्यांत माणसांना जायला बंदी केली. पण पक्षी लपवून ठेवला नाही. ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी वाटाड्याबरोबर सहली काढल्या. ठरलेल्या रस्त्यावरून चालायचं, तिथूनच ऐकायचं, नशीब असेल तर बघायचं. २०१९ साली हा पक्षी अमेरिकेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला, तेव्हा जोड्या दोन हजारांच्या वर गेल्या होत्या. सहलींमुळे पक्षी वाढला असं मी म्हणत नाही. वाढला तो जंगलाच्या कामामुळे. पण एका चिमुकल्या पक्ष्यासाठी वर्षानुवर्षं जंगल तोडायचं आणि पुन्हा लावायचं, याला लोकांनी 'हो' म्हटलं, कारण त्यांना तो पक्षी माहीत होता. ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी कोण कुऱ्हाड उचलेल? किंवा आमच्या बाबतीत, कोण कुदळ खाली ठेवेल?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की "सांगावं की सांगू नये" हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. कुणाला, केव्हा आणि कितपत, हे ठरवायला हवं. आम्हा ई अँड टीसीवाल्यांच्या भाषेत, ब्रॉडकास्ट करायचं नाही, पण ट्रान्समीटरही बंद करायचा नाही. निरोप ज्याला लागतो त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

वाटेवरचा पाहुणा पक्षी असेल तर खुशाल सांगा. १९८९ साली इंग्लंडमध्ये केंट परगण्यात अमेरिकेतला गोल्डन-विंग्ड वॉर्बलर भरकटून आला आणि राहिला कुठे, तर टेस्कोच्या दुकानाजवळच्या वस्तीत. बातमी फुटली आणि एका दिवसात हजारो माणसं त्या कार पार्कमध्ये जमली. हसू येतं, पण पक्ष्याचं त्यात फार काही बिघडलं नसावं. तो एकटा होता, घर मांडून बसला नव्हता. घरट्याचं तसं नसतं. तिथे आई-बाप जागेला बांधलेले असतात, नको असलेली माणसं आली तरी उठून दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून पिल्लं उडून जाईपर्यंत घरट्याच्या जागेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सिनियरला नाही, फोटोवाल्या मित्राला नाही, पक्षी बघणाऱ्या 'आपल्या' माणसाला तर मुळीच नाही. कारण त्याचाही एक 'आपला' माणूस असतो.

आणि हे नुसतं शिष्टाचाराचं नाही. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हेसुद्धा त्यात 'शिकार' म्हणून मोडतं. मी हे वाचलं तेव्हा त्या सुतळीची आठवण झाली. बंदूक नव्हती कुणाकडे, नुसती सुतळी होती.

पण नोंद करायचीच. तारीख, वेळ, पक्षी काय करत होता, सगळं, आणि तेही खरं. ईबर्डसारख्या ठिकाणी फार नाजूक जातींची नेमकी जागा लोकांना दिसत नाही अशी सोय आहे. आपणही आपली नोंद मोसम संपल्यावर उघड करू शकतो. लपवणं चालेल, खोटं लिहिणं चालणार नाही. खोट्या पत्त्याने काय होतं ते आपल्या महाराष्ट्रातल्या रानपिंगळ्याला विचारा. १८८४ नंतर हे छोटं घुबड कुणालाच खात्रीने दिसलं नव्हतं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने १९१४ साली आपल्याला गुजरातेत ते मिळाल्याचं सांगितलं, आणि पुढे त्यावर विसंबून लोक तिथे शोधत राहिले. मागाहून उघड झालं की त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ही खोटी नोंद बाजूला टाकून जुने खरे नमुने कुठले होते ते बघितलं आणि १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! खऱ्या चिठ्ठीची किंमत एवढी असते.

आणि ज्यांना सांगायलाच हवं त्यांच्या यादीत पहिलं नाव मी मावशींचं लिहीन. त्या रोज तिथे असतात, आम्ही रविवारचे पाहुणे. आम्ही सगळ्यात आधी फोटोवाल्याला सांगितलं आणि जिच्या विळ्याखाली तो सगळा माळ आहे तिला सांगायचं सुचलंच नाही. मग वनरक्षक. मग ज्यांच्या हातात कुदळी आणि बॅनर असतात ते. यांना घरटं दाखवायची गरज नसते. "या उतारावर पावसाळ्यात दुर्मिळ पक्षी वीण करतो, इथलं गवत असंच राहू द्या" एवढं पुरतं. उतार सांगायचा, झुबका सांगायचा नाही.

माझा मित्र अजून म्हणतो की मी भोळी आहे. कागद ऑफिसात गेला की त्याला पाय फुटतात, आणि उतार कळला की झुबका शोधायला किती वेळ लागतो? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, नाकारत नाही. कॅमेरेवाले पुन्हा येतीलच. पण त्यांना माघारी वळवायला तिथे कुणीतरी उभं असावं लागतं, आणि जे गुपित त्या कुणालाच माहीत नाही ते राखायला कोण उभं राहणार?

२०२५च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा वर गेलो. खड्ड्यांच्या ओळींमध्ये काही नव्हतं. पलीकडच्या अंगाला, जिथे चुना पोचला नव्हता, तिथे तो गात होता. एक की दोन ते धुक्यात कळलं नाही. आम्ही पायवाट सोडली नाही, फोटो काढला नाही. मावशींना मात्र तो आवाज कुठून येतो ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला."

पुढच्या वृक्षारोपणाच्या आधी आयोजकांना मी एक अर्ज दिलाय. सोबत डोंगराचा नकाशा जोडलाय. झाडं पायथ्याच्या ओढ्याकाठी लावावीत असं लिहिलंय, आणि जिथे खड्डे नकोत तो सगळा उतार लाल पेनने रंगवलाय. पक्ष्याचं नाव मराठीत कसं लिहावं ते कळेना म्हणून शेवटी 'रुंदशेपट्या'च लिहिलं. घरट्याच्या जागी खूण केलेली नाही. उत्तर अजून आलेलं नाही. उद्या पुन्हा ऑफिसात जाऊन विचारणार आहे.